९ इंची कॉलम, ५ फुटी गॅलरी आणि "नागपूर तर झोन दोनमध्येच आहे ना?"

गुण्या · ३ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. सिव्हिलची डिग्री घेऊन तीन वर्षं झाली. एका कन्सल्टंटकडे डिझाइन आणि ड्रॉइंगचं काम करतो. आता मामाचं घर आलंय, नागपुरात बेसा साइडला. खाली पार्किंग, वर दोन मजले, साधारण ३० बाय ४० फुटांचा प्लॅन. सही सरांचीच असेल, पण आकडे माझे. घरचं काम म्हणजे सगळेच साहेब, त्यामुळे इथे विचारतोय.

एक, ठेकेदार म्हणतो कॉलम ९ बाय १२ इंचच ठेवा, अख्ख्या लेआउटमध्ये तेच आहेत. दोन, गॅलरी ड्रॉइंगमध्ये ४ फूट बाहेर आहे, स्लॅब १५० एमएम, वरच्या बाजूला १० एमएमच्या सळया २०० एमएमवर. मामींना तिथे झोपाळा हवाय, म्हणून ती ५ फूट करायची म्हणतात. ठेकेदार म्हणाला, "एका फुटानं काय होते?" तीन, माती काळी, फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, ५ फुटांवर घ्यायचं असं त्याचं म्हणणं.

आणि प्रत्येक गोष्टीवर शेवटी एकच उत्तर मिळतं: नागपूर भूकंपाच्या झोन दोनमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, इथे कोण येतंय कोड बघायला.

थापी · ३ मे, रात्री ११:१५

भाऊ, मी ठेकेदारच हाय, म्हनून मीच आधी बोलतो. अठरा वर्षापासून नागपुरात स्लॅब टाकून राहिलो. ९-१२ च्या कॉलमवर तीन मजले उभे केले, एक बी पडला नाई. तुमी पोट्टे लोकं कॉम्प्युटरवर लाल रंग दिसला का घाबरता. कॉलम मोठा केला का तो रूमच्या आत निघते, मंग घरमालकीण आमच्यावर चिडते. पलंग बसत नाई, अलमारी बसत नाई. ते कोन ऐकून घेईन?

ओळंबा · ४ मे, सकाळी ८:०५

थापीभाऊ, पलंगाचा मुद्दा खरा आहे. पण गुण्याच्या घराला खाली पार्किंग आहे. तिथे भिंतच नाही, मग ९ इंची कॉलम कोणाच्या आत लपवताय?

गुण्या, आता तुझ्यासाठी. ९ इंची कॉलम कोडमध्ये बसतो की नाही हा प्रश्नच थोडा चुकलाय. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कोडमध्ये, "कॉलम अमुक इंचाचाच हवा" असं सरळ वाक्य नाही. पण तू त्याची ताकद कुठल्या सूत्राने काढलीस? मी पैज लावतो, कॉलेजात पाठ केलेलं: ०.४ एफसीके एसी अधिक ०.६७ एफवाय एएससी (काँक्रीटची ताकद गुणिले त्याचं क्षेत्रफळ, अधिक लोखंडाची ताकद गुणिले त्याचं क्षेत्रफळ). हे कलम ३९.३ आहे. त्याच्या पहिल्या ओळीतली अट कोणी वाचत नाही. किमान उत्केंद्रता, म्हणजे भार कॉलमच्या मध्यापासून निदान जितका सरकलेला धरायचा ते अंतर, कॉलमच्या मापाच्या ०.०५ पटीपेक्षा जास्त नसेल, तरच हे सूत्र चालतं. किमान उत्केंद्रता म्हणजे मोकळी लांबी भागिले ५०० अधिक माप भागिले ३०, पण २० एमएमपेक्षा कमी धरायची नाही. ९ इंच म्हणजे २३० एमएम, त्याच्या ०.०५ पट होतात साडेअकरा. वीस कुठे आणि साडेअकरा कुठे. म्हणजे ४०० एमएमपेक्षा बारीक बाजू असलेल्या कुठल्याही कॉलमला ते सूत्र लागूच पडत नाही. मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, धरून, एसपी १६ या डिझाइन-पुस्तिकेतल्या आलेखांवरून किंवा सॉफ्टवेअरमधून डिझाइन करावं लागतं.

आता बारीकपणा बघ. प्रभावी लांबी भागिले माप १२ च्या खाली असेल तर कॉलम आखूड धरायचा. मजल्याची मोकळी उंची अडीच मीटर धरली तर २५०० भागिले २३० म्हणजे जेमतेम ११. वरवर पास. पण फ्रेम आडवी हलू शकत असेल तर प्रभावी लांबी निदान १.२ पट धरतोस, की झाला १३. सडपातळ कॉलम. त्याचा जादा मोमेंट वेगळा.

९ इंचाचा कॉलम करताच येत नाही असं मी म्हणत नाही. मोमेंटसकट हिशेब केला, लोखंड वाढवलं तर होतो. फुकटात होत नाही, एवढंच.

थापी · ४ मे, सकाळी ९:३०

म्हंजे इतके दिवस आमच्या ड्रॉइंगवर सह्या करनारे सगळे येडेच होते काय सर?

ओळंबा · ४ मे, सकाळी ९:५२

वेडे नव्हते. त्यातल्या अर्ध्यांनी हिशेब बरोबर केला असेल. उरलेल्यांना विटांच्या भिंतींनी वाचवलं. ९ इंची भिंत कॉलमला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, तिचा आधार हिशेबात नसतो पण प्रत्यक्षात असतो. पार्किंगच्या मजल्यावर नेमकी तीच भिंत आपण काढून टाकतो.

निवृत्त_उपअभियंता · ४ मे, दुपारी १:२०

झोनचा विषय निघालाय म्हणून लिहितो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्या वेळच्या नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात. २००२ साली भूकंपाच्या कोडची, आयएस १८९३ ची, सुधारित आवृत्ती आली तेव्हा झोन एक ही भानगडच बंद केली आणि तो भाग झोन तीनमध्ये गेला. माझी निम्मी नोकरी त्या आधीच्या नकाशावर झाली. तेव्हा आमचे साहेब म्हणायचे, "आपल्याकडे भूकंप फक्त भूगोलाच्या पुस्तकात होतो."

दुसरी गोष्ट पार्किंगची. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा. अहमदाबाद तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आणि झोन तीनमध्ये, तरी तिथे खाली पार्किंग असलेल्या बहुमजली इमारती बसल्या. वर भिंती भरगच्च, खाली नुसत्या काड्या. गुण्या, तू ज्या मजल्याबद्दल विचारतोयस तोच हा मजला.

गुण्या · ४ मे, रात्री ९:४८

काका, सर, धन्यवाद. ऑफिसातून आल्यावर हिशेब करून बसलो. नागपूर झोन दोन, म्हणून झेड, म्हणजे झोनचा गुणांक, ०.१०. साधी फ्रेम धरली तर आर (फ्रेमच्या लवचिकपणामुळे बल जितक्या पटीने कमी धरता येतं तो आकडा) ३. आखूड इमारत, एसए बाय जी, म्हणजे इमारत किती जोरात हलते त्याचा गुणांक, अडीच. झेडचा निम्मा ०.०५, गुणिले २.५ भागिले ३ म्हणजे ०.०४२. घराचं वजन अंदाजे ३९० टन. आडवं बल १६ टनांच्या आसपास.

मग वारा. आयएस ८७५ भाग ३ मध्ये नागपूरचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद. दाट वस्तीच्या भागात १० मीटर उंचीला ०.९१ ने गुणला तर ४०. दाब सुमारे ९६ किलो प्रति चौरस मीटर. लांब बाजूवर १२ बाय १० मीटर आणि आकाराचा गुणांक १.२ धरून १४ टन आले.

मला वाटलं होतं झोन दोन म्हणजे भूकंप शून्य. हा तर वाऱ्यापेक्षाही थोडा वरच निघाला.

ओळंबा · ४ मे, रात्री १०:१०

ढोबळ आहे, पण दिशा बरोबर. आता तोच हिशेब आर ५ धरून कर. पण आर ५ घ्यायचा असेल तर आयएस १३९२०, म्हणजे भूकंपासाठीच्या लोखंडाच्या रचनेचा कोड, त्याप्रमाणे सगळी रचना द्यावी लागते: कॉलमची लहान बाजू निदान ३०० एमएम, टोकांना रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्या) जवळ, रिंगांचे हुक १३५ अंशांचे, बीमला बीमचे नियम. झोन दोनमध्ये ते सक्तीचं नाही. पण केलंस तर बल १६ वरून १० टनांपर्यंत उतरतं.

काही जण हिशेबात आर ५ धरतात आणि साइटवर रिंगा आर ३ च्याही लायकीच्या नसतात. ते सोडून काहीही कर.

थापी · ४ मे, रात्री १०:३५

रिंगाचं मी सांगतो. १३५ चा हुक केला का कॉलमात घुसवाले त्रास होते, म्हनून पोट्टे ९० चा वाकवून सोडून देतात. लोखंड तर तेवढंच लागते. वाकवाचा कंटाळा, बस.

ओळंबा · ४ मे, रात्री १०:४१

हे प्रामाणिक उत्तर. आयएस ४५६ मध्ये ९० अंशही चालतो, पुढे सळईच्या ८ पट लांबी सोडली तर. १३५ ला ६ पट पुरते, १३९२० मध्ये निदान ६५ एमएम. पण कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, उडालं की ९० चा हुक उघडतो, १३५ चा आत गाभ्यात रुतून बसतो. पुढे.

चंद्रमौळी · ५ मे, सकाळी ११:०२

मी इंजिनियर नाही, घर बांधून पस्तावलेली बाई आहे. गॅलरीबद्दल वाचलं म्हणून लिहिते.

आमची गॅलरी साडेचार फूट. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या कडेला टाइल्सचा सांधा उघडला. गवंड्याने पांढरं सिमेंट भरलं. पुन्हा उघडला. मग खोलीकडच्या भिंतीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ दिसायला लागली, पट्टीने ओढल्यासारखी. खालून बघितलं तर काहीच नाही, रंगसुद्धा उडालेला नव्हता. मी म्हणायचे, भेग खाली असती तर घाबरले असते, वर आहे म्हणजे टाइल्सचाच दोष असेल.

शेवटी एका इंजिनियरला बोलावलं. त्यांनी दोन टाइल्स काढून छिन्नीने वरून खणलं. इंच झालं, दोन इंच झाले, सळईच लागेना. तीन इंचांच्या जरा पुढे गेल्यावर पहिली सळई लागली. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आजपासून इथे कुंड्या ठेवू नका." त्याच दिवशी खाली टेकू लावले.

आमच्या ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, लोखंड तर पूर्ण टाकलंय, मोजून घ्या. मोजलं. खरंच पूर्ण होतं.

ओळंबा · ५ मे, दुपारी १२:३०

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. गुण्या, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आता आकड्यांत मांडतो.

साध्या स्लॅबला पोटात ताण येतो, गॅलरीला पाठीवर. म्हणून लोखंड वर, आणि भेगही वरच, भिंतीच्या कडेला. खालून काही दिसत नाही ते त्यामुळेच.

तुझी गॅलरी. १५० एमएमच्या स्लॅबचं स्वतःचं वजन ३.७५, फरशी वगैरे १, आणि गॅलरीवर आयएस ८७५ भाग २ प्रमाणे माणसांचं-सामानाचं वजन ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो). खोलीत २ धरतोस, गॅलरीत ३, हे विसरू नको, वरात बघायला सगळे गॅलरीतच जमतात. एकूण ७.७५, सुरक्षिततेसाठी दीडपट केलं की ११.६. टोकाला तीन-साडेतीन फुटांची ४ इंची विटांची भिंत, प्लास्टरसकट २.४ किलोन्यूटन प्रति मीटर, दीडपट ३.६.

४ फूट म्हणजे १.२ मीटर: स्लॅबचा मोमेंट ८.४, भिंतीचा ४.१, एकूण साडेबारा.
५ फूट म्हणजे १.५ मीटर: १३.१ अधिक ५.२, एकूण १८.३.

फूट एकच, मोमेंट ४६ टक्क्यांनी वाढला. लांबी वर्गाने शिरते ना. आणि हे झोपाळा न धरता. झोपाळ्याचे हूक वरच्या गॅलरीच्या टोकाशी लावणार असाल तर त्या गॅलरीचा हिशेब आणखी वेगळा.

आता ताकद. एम २५ काँक्रीट, एफई ५०० लोखंड, १० एमएम २०० वर, कव्हर २० धरून सळईपर्यंतची खोली १२५ एमएम. ताकद येते २० किलोन्यूटन मीटर. मागणी १८.३. पास! इथे बरेच जण फाइल बंद करतात.

पण वाकण्याचं काय? कॅन्टिलिव्हरला, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या स्लॅबला, लांबी भागिले खोलीची मर्यादा मूळ ७ आहे, साध्या स्लॅबला २०, सलग स्लॅबला २६. लोखंडाच्या प्रमाणावरून मिळणारी सवलत इथे साधारण १.३ येते. १५०० भागिले ९.२ म्हणजे १६० च्या पुढे खोली हवी. तुझ्याकडे १२५. ताकदीत पास, वाकण्यात नापास. गॅलरीचं टोक हळूहळू खाली झुकेल, पाणी भलतीकडे जाईल, आणि तीन वर्षांनी मामी तुला लग्नकार्यात सगळ्यांदेखत विचारतील. जाडी १८० कर, सुटतं. लोखंड भरपूर वाढवूनही सुटेल, पण मी जाडीच वाढवीन.

आणि आता ताईंची केस. त्याच १५० च्या स्लॅबमध्ये सळई ५० एमएम खाली दबली, खोली १२५ ची ७५ झाली. लोखंड तेवढंच, ताकद २० वरून साडेअकरावर. आणि दीडपट न करता नुसता मोमेंट किती? १२.२. म्हणजे कोडच्या हिशेबातली सगळी राखीव ताकद त्या दोन इंचांत गेली. लोखंडाचं बिल मात्र दोन्हीकडे सारखंच.

थापी · ५ मे, दुपारी ३:१०

ह्याच्यावर मी काही वाद घालत नाई. हे खरंच होते. कसं होते ते सांगतो, कारन ते तुमच्या कोडात नसनं.

गॅलरीची जाळी सकाळी बरोबर बांधलेली असते. वरच्या सळईखाली चेअर, म्हंजे तिला उचलून धरनारा सळईचा छोटा स्टँड, ठेवतो आमी. पन माल टाकाच्या वेळी घमेलंवाल्या बायांचा रस्ता गॅलरीवरून जाते, नाईतर पंपाचा पाइप तिथंच घसटतात. चार तासात जाळी बसते. चेअर पातळ सळईच्या बनवल्या असल्या तर वाकून जातात. आनि व्हायब्रेटरवाला कडेला उभा राहाले जागा नाई म्हनून सळईवरच उभा राहते.

माझी पद्धत: गॅलरीत चेअर १० च्या सळईची, दोन-अडीच फुटावर. वर फळी टाकून ठेवतो, पाय फळीवरच. आनि गॅलरी सगळ्यात शेवटी भरतो, लोकं तिकडून निघून गेल्यावर. हे मी ड्रॉइंग पाहून नाई शिकलो, एका घराच्या गॅलरीनं शिकवलं. ते जाऊ द्या.

गुण्या · ५ मे, रात्री ९:२०

थापीभाऊ, ही फळीची टीप ड्रॉइंगच्या नोट्समध्ये टाकतोय.

सर, एक विसरलो. आर्किटेक्टने गॅलरी २ इंच खाली दाखवली आहे, पावसाचं पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून. मग वरच्या सळया आतल्या स्लॅबमध्ये सरळ कशा जाणार?

ओळंबा · ५ मे, रात्री ९:५५

जात नाहीत. हाच खरा प्रश्न होता, आणि तू तो शेवटी विचारलास.

एम २५ मध्ये १० एमएम एफई ५०० सळईला पकड घ्यायला ४९ पट, म्हणजे जवळपास अर्धा मीटर लांबी लागते. लेव्हल एक असती तर सळई आतल्या स्लॅबमध्ये वरूनच लांब नेली असती, बाहेरच्या लांबीच्या दीडपट तरी. आतला स्लॅब मागून धरून ठेवतो. लेव्हल पडली की सळई २३० च्या बीममध्येच संपते आणि सगळा मोमेंट बीमला पिळायला लागतो. मग बीम टॉर्शनला डिझाइन कर, रिंगा जवळ घे, बंद रिंगा दे. हे कोणी करत नाही. बहुतेकांच्या मॉडेलमध्ये तर गॅलरी म्हणजे बीमवर टाकलेलं नुसतं वजन असतं.

मी असतो तर खेळ बदलला असता. दोन कॉलममधून दोन बीम बाहेर काढायचे, खोलीतल्या बीमशी सलग. गॅलरीचा स्लॅब त्या दोघांमध्ये आडवा टाकायचा. मग २ इंच खाली घे नाहीतर ४ इंच, स्लॅबला फरक पडत नाही. ५ फूटही जमतील. खाली दोन बीम दिसतील, ते आर्किटेक्टला सांगण्याचं काम तुझं.

काळीमाती · ६ मे, सकाळी ७:४०

मातीच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो, म्हणून तिसरा प्रश्न माझ्याकडे.

नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेकडे गेलं की खडकच वेगळा. एका प्लॉटवर ३ फुटांवर पक्का मुरूम लागतो, गल्ली ओलांडली की ८ फूट काळी माती. त्यामुळे "शेजाऱ्याने ५ फुटांवर घेतलं" याला काही अर्थ नाही. तुमच्या प्लॉटवर खड्डा खणा. दोन खणा, एक पुढे, एक मागे.

माती फुगणारी आहे का ते बघायला साधी चाचणी आहे, आयएस २७२० भाग ४०. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती, १०-१० ग्रॅम, १०० मिलीच्या दोन काचेच्या नळ्यांत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. गेल्या महिन्यात तुमच्याच बाजूचा एक नमुना होता: रॉकेलमध्ये ११ मिली, पाण्यात १९. फरक आठ, भागिले अकरा, ७३ टक्के. पन्नासच्या वर गेलं की आम्ही रिपोर्टमध्ये लाल शाई वापरतो. रॉकेल मिळवणं आजकाल चाचणीपेक्षा अवघड झालंय, तो भाग वेगळा.

लोकांना वाटतं काळ्या मातीत घर खचतं. खचतं त्याहून जास्त उचललं जातं. जड कॉलमखाली फुगण्याचा दाब दबून राहतो. हलकं बांधकाम आधी फाटतं: कंपाउंड वॉल, पोर्च, पायऱ्या, प्लिंथ बीम (जोत्याच्या लेव्हलचा बीम). म्हणून तीन गोष्टी. फुटिंग काळी माती संपून मुरमात किमान थोडं आत गेलेलं असावं. काळी ६ फुटांवर संपत असेल तर ५ फुटांवर थांबणं म्हणजे नेमकं चुकीच्या जागी थांबणं. प्लिंथ बीमच्या खाली मातीला फुगायला पोकळी सोडा, बीम मातीवर टेकवू नका. आणि खणलेली काळी माती प्लिंथमध्ये परत भरू नका! हे शंभरातले नव्वद जण करतात, कारण ट्रॉलीचे पैसे वाचतात. मग दोन पावसाळ्यांनी फरशी मध्ये फुगते आणि टाइल्सवाल्याला शिव्या बसतात.

ओळंबा · ६ मे, सकाळी ८:१५

यात एक जोडतो. फुटिंग साडेसहा फुटांवर गेलं आणि पार्किंगमध्ये गाड्या आडव्या येतात म्हणून प्लिंथ बीम काढून टाकला, तर कॉलमची मोकळी लांबी फुटिंगपासून पहिल्या स्लॅबच्या बीमपर्यंत धरावी लागते. साधारण ४.४ मीटर. भागिले २३०, म्हणजे १९. परवा आपण ११ की १३ यावर भांडत होतो.

पार्किंगमध्येही प्लिंथ बीम ठेव, जमिनीच्या लेव्हलखाली घे, गाडी वरून जाईल.

निवृत्त_उपअभियंता · ६ मे, संध्याकाळी ६:३०

बाथरूमचं आणि छताचं पाणी पायाजवळ सोडू नका, हेही लिहा. आमच्या क्वार्टरच्या एकाच कोपऱ्याला दरवर्षी भेग यायची. नळाची चावी गळत होती.

गुण्या · २९ मे, रात्री ११:५०

उशिरा अपडेट देतोय. पहिला स्लॅब आज पडला.

कॉलम पार्किंगच्या मजल्यावर ३०० बाय ३८० केले, वर भिंतीत लपवायला लहान केले. फुटिंग साडेसहा फुटांवर, मुरमात. गॅलरी ५ फूट, दोन बीम बाहेर काढून. आर्किटेक्ट आठ दिवस बोलले नाहीत. मामींना झोपाळा हॉलमध्ये लावायला पटवलं, तिथे एसी आहे हे कारण कामी आलं. नाहीतर ४६ टक्के वगैरे त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

स्लॅब सकाळी १० ला टाकायचा होता. बाहेर पारा ४० च्या वर, आयएस ७८६१ मध्ये ४० च्या वरच्या काँक्रीटला वेगळी काळजी सांगितली आहे. मी अडून बसलो, संध्याकाळी ६ ला सुरू केलं. गिट्टीवर दुपारभर पाणी मारून ओली गोणपाटं टाकली होती. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) आहे, म्हणून ७ नाही, निदान १० दिवस पाणी, १४ करायचा विचार आहे. टँकर सांगून ठेवलाय.

रात्री ९ च्या सुमाराला बॅटरी घेऊन बीमच्या बाहेरच्या टोकाला गेलो. वरच्या सळयांवर पट्टी लावत होतो. तीन ठिकाणी बरोबर. चौथ्या ठिकाणी व्हायब्रेटरवाला नेमका सळईवर उभा. त्याला उतरवलं, पट्टी घातली, सळई ४० एमएम खाली. आकड्याने ओढून वर घेतली, खाली चेअर सरकवली. पाच मिनिटांचं काम होतं. अर्ध्या तासाने गेलो असतो तर काँक्रीटखाली गेली असती.

टेकू कधी काढायचे? ठेकेदार सातव्या दिवशी म्हणतोय.

ओळंबा · ३० मे, सकाळी ७:३०

साडेचार मीटरच्या आतल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४. पण कोडमधले हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. पीपीसीला मी घाई करणार नाही. गॅलरीचे सगळ्यात शेवटी काढ, तेही टोकाकडून भिंतीकडे येत. भिंतीकडून सुरुवात केलीस तर टोकावरच्या टेकूवर गॅलरीचे बीम साध्या बीमसारखे पोटात वाकतील, आणि त्यांच्या पोटात तर तू नावापुरतंच लोखंड ठेवलंयस.

चंद्रमौळी · ३० मे, दुपारी १२:१५

गुण्या, शाब्बास रे. आमच्या गॅलरीखाली आता लोखंडी ब्रॅकेट आहेत, दिसायला भयंकर. एक विचारू का सगळ्यांना? वरच्या गच्चीवर टिनाचं शेड घालायचंय, २० बाय १५ फूट. फॅब्रिकेटर म्हणतो चार खांब, प्रत्येकाला चार बोल्ट, एका दिवसात उभं. याला पण कोड असतो का?

ओळंबा · ३० मे, दुपारी १:०५

असतो, आणि नागपुरात तो पावसाळ्याआधीच्या वादळात दिसतो. टिनाचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. गुण्याने काढलेला वाऱ्याचा दाब ९६ किलो, तो उघड्या शेडला वर उचलतो. गुणांक ढोबळमानाने १ धरला तरी २८ चौरस मीटरला २.७ टन. वरच्या दिशेने. म्हणजे प्रत्येक खांबाला पाऊण टनाच्या जवळपास ओढ, शिवाय आडवा धक्का. बोल्ट कशात ठोकणार? ५ इंची स्लॅबमध्ये की खालच्या बीममध्ये? खांब बीमवर, शक्य असेल तर कॉलमच्या डोक्यावरच यायला हवेत. आणि गच्चीत ड्रिल करण्याआधी वॉटरप्रूफिंगचा विचार करा.

थापी · ३० मे, दुपारी २:४०

ताई, फॅब्रिकेटरले थांबवा. मागच्या वर्षी माझ्या एका साइटवरचं शेड उडून शेजारच्याच्या टाकीवर जाऊन पडलं, चारी बेस प्लेट बोल्टासकट. आमी स्लॅबमध्येच ठोकले होते.

गुण्याभाऊ, माझ्याकडं बी तसंच एक काम हाय, हिंगणा रोडले. प्लॅन पाठवतो. बेस प्लेट किती एमएमची घेऊ आनि बोल्ट किती आत पाहिजेन, तेवढं काढून द्या. पैशे देईन.

गुण्या · ३० मे, दुपारी २:५५

पाठवा. कॉलम कुठे आहेत ते प्लॅनवर दाखवा, आणि गच्चीचा फोटो काढताना पॅरापेट दिसू द्या.